पाठ निरीक्षणातले शेरे दुसऱ्या दिवशीच्या पाठात उतरवायचे कसे?

सराव_पाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी नागपुरात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अध्यापन विषय गणित आणि विज्ञान. सध्या आंतरवासिता (शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ) सुरू आहे. २०१४ च्या एनसीटीई (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेत काढायचा काळ किमान २० आठवड्यांचा झाला, त्यातले १६ दुसऱ्या वर्षात येतात. शाळेतली हजेरी ९० टक्के लागते. इतके दिवस रोज वर्गात उभं राहायला मिळतंय, तर त्यातून शिकवणं खरंच सुधारावं अशी मनापासून इच्छा आहे, म्हणून विचारते.

माझ्या निरीक्षण वहीत शेऱ्यांची कमतरता नाही. "पाठ चांगला झाला." "आवाज थोडा वाढवावा." "फलक लेखन सुबक." "विद्यार्थी सहभाग वाढवावा." शेवटचा तर जवळजवळ प्रत्येक पानावर आहे. पण दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात गेल्यावर त्याचं करायचं काय? कोणाचा सहभाग वाढवायचा, पाठाच्या कुठल्या टप्प्यावर?

शाळेतल्या मार्गदर्शक बाई मनाने फार चांगल्या आहेत. पण त्यांच्यामागे पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम. माझा पाठ चालू असताना त्या मागच्या बाकावर बसून तेच उरकत असतात. महाविद्यालयातून येणाऱ्या सरांना त्याच दिवशी आणखी शाळा करायच्या असतात, त्यामुळे ते अर्धा तास पाहून निघतात.

नुसत्या शेऱ्याऐवजी कामाचं काही मिळावं म्हणून कोणाला, कधी आणि काय विचारायचं? ज्यांच्या हातात आपले अंतर्गत गुण आहेत त्यांनाच "कुठे कमी पडते ते सांगा" असं म्हणावं का? आणि बाई एक सांगतात, सर दुसरंच, तेव्हा कोणाचं धरायचं?

झेडपी_गुरुजी

ताई, शेरा पाठ संपल्यावर मागता आहात, तो पाठाच्या आधी मागा.

मागे बसलेल्या माणसाला आपण काहीच सांगितलं नाही तर तो सगळंच बघतो. मग त्याच्या लक्षात काय राहतं? आवाज, फळा, गडबड. म्हणून पाठाला जाण्याआधी अर्ध्या कागदावर दोन ओळी लिहून बाईंच्या हातात द्या: "आज छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज घेते आहे. मी प्रश्न कोणाकोणाला विचारते तेवढंच पाहाल का?" त्याच कागदावर वर्गातल्या बाकांचे चौकोन काढून द्या. ज्या बाकाला प्रश्न गेला त्यात एक रेघ. ऑनलाइन माहिती भरता भरतासुद्धा माणूस एवढं करू शकतो.

आमच्या शाळेत आलेल्या एका छात्राध्यापकासाठी मी हे केलं होतं. तास संपला तेव्हा खिडकीकडच्या दोन्ही रांगांचे चौकोन कोरेच होते. पोरगा मेहनती, तयारी उत्तम. पण फळ्यावर लिहिताना तो दरवेळी दाराकडेच तोंड करून वळायचा, आणि वळल्यावर जी पोट्टी समोर दिसत त्यांनाच प्रश्न जात. मी काही बोललो नाही, कागद दिला. त्याने तो बराच वेळ पाहिला. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारायच्या आधी तो मुद्दाम खिडकीपाशी जाऊन उभा राहायला लागला. मी "सहभाग वाढवा" असा शेरा दिला असता, तर त्याने दाराकडच्याच मुलांना आणखी चार प्रश्न विचारले असते आणि त्याला वाटलं असतं, झालं काम.

बर्डीकर

गुरुजींना पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. बाईंकडे पूर्ण तास मागू नका, पाच मिनिटं मागा आणि कोणती पाच तेही सांगा. "उदाहरण सोडवून झाल्यावर मी मुलांना वहीत करायला देईन, तेवढा वेळ माझ्याकडे बघाल?" कामात बुडालेला माणूस पाच मिनिटांना नाही म्हणत नाही.

विज्ञानवाली

मला वाटतं, निरीक्षक नसेल तेव्हाही काही गोष्टी आपल्या आपण तपासता येतात, आणि त्यासाठी लागणारं सगळं बी.एड.मध्ये शिकवलेलं असतं. फक्त परीक्षा झाली की आपण ते विसरतो.

वर्गात कोण किती बोलतं ते मोजायची फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत आठवा. दहा प्रकार: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांतता किंवा गोंधळाचा. दर तीन सेकंदांना एक नोंद. पूर्ण तक्ता भरायचा म्हटला तर किचकट आहे, पण तो भरायची गरजच नाही. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तासाचा फक्त आवाज फोनवर रेकॉर्ड करा (मुलांचे व्हिडिओ नकोत), घरी मधली पाच मिनिटं ऐका आणि दर तीन सेकंदांना "मी", "मुलं" किंवा "शांत" अशी एक खूण करत जा. पाच मिनिटांत बरोबर १०० खुणा होतात, म्हणजे जो आकडा येईल तोच टक्का. गणित करायचीही गरज नाही. आपण किती बोलतो याचा अंदाज आणि हा आकडा यांत किती अंतर असतं ते एकदा पाहाच.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारल्यावर थांबायची. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प राहणारी कमी होतात, आपणहून बोलणारी वाढतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गात चाळीस जोडी डोळे आपल्याकडे बघत असतात तेव्हा ते फार लांब वाटतात, आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. रेकॉर्डिंगमध्ये हे स्पष्ट ऐकू येतं. सूक्ष्म अध्यापनात (एकेक कौशल्य काही मिनिटांच्या छोट्या पाठात घोटायचा सराव) प्रश्न कौशल्याचे गुण मिळवताना हे कोणी मोजत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

निवृत्त_प्राध्यापिका

बेटा, तुझ्या पोस्टवरून तू वर्गाची तळमळ असलेली मुलगी दिसतेस. मी अध्यापक महाविद्यालयात बरीच वर्षं होते, म्हणून त्या बाजूचं थोडं सांगते.

विज्ञानवालीने सूक्ष्म अध्यापनाचा विषय काढला तेच धरून पुढे जाते. १९६० च्या दशकात स्टॅनफर्डला ही पद्धत सुरू झाली. आपल्याकडे एनसीईआरटीने जे चक्र बसवलं ते ३६ मिनिटांचं आहे: ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), १२ मिनिटं पुन्हा नियोजन, ६ मिनिटं तेच पुन्हा शिकवायचं आणि शेवटी ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. यात सगळ्यांत मोठा तुकडा कशाला दिला आहे, पाहिलंस? पुन्हा नियोजनाला. ऐकण्याच्या दुप्पट वेळ विचार करून पाठ बदलायला. आणि प्रत्यक्षात नेमके तेच १२ गायब होतात. पाठ झाला, शेरा आला, फाइल बंद, पुढचा विद्यार्थी उभा.

शाळेत तुला ते परत मिळवता येईल. तुझ्या शाळेत सहावीच्या दोन तुकड्या असतील तर एकच घटक दोन्हीकडे घ्यायला माग, आणि जमलं तर मध्ये एक तासिका मोकळी राहील असं वेळापत्रक करून घे. 'अ' तुकडीत शिकवलंस, बाईंचं ऐकलंस, मोकळ्या तासात पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) एक बदल केलास, तेच 'ब' तुकडीत घेतलंस. बदल उपयोगी पडला की नाही हे त्याच दिवशी कळतं. आठवड्याने दुसरा घटक, दुसरी उदाहरणं, दुसरा मूड. मग कशामुळे काय झालं ते कळत नाही.

आता गुणांबद्दल. तुझी भीती खोटी नाही. तरीही विचार. मात्र कशाबद्दल विचारतेस ते महत्त्वाचं. "मी कशी शिकवते?" असं विचारलंस की समोरचा तुझं माप काढायला लागतो. "या उदाहरणावर मुलं कुठे अडली?" असं विचारलंस की त्याची नजर पाठावर जाते, तुझ्यावरून हटते. क्लूगर आणि डीनिसी या दोघा संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने फीडबॅकचा फायदाच होतो, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी फीडबॅकनंतर काम उलट बिघडलेलं दिसलं. लक्ष कामावरून उठून "मी कसा आहे" याकडे गेलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. "तुझ्यात आत्मविश्वास नाही" हा शेरा मी कित्येक फाइलींमध्ये वाचला आहे. तो वाचून कुणाचा आत्मविश्वास वाढलेला मी पाहिला नाही.

वर्गशिक्षिका_८ब

मी दरवर्षी छात्राध्यापकांची मार्गदर्शक असते, तेव्हा शाळेकडचं मी सांगते.

आम्ही वहीत "छान" का लिहितो? ती वही महाविद्यालयात जाते म्हणून. मी तिथे "अपूर्णांकाची संकल्पना स्पष्ट झाली नाही" असं लिहिलं आणि कोणी त्यावरून मुलीचे गुण कापले, तर ते ओझं माझ्या मनावर राहतं. म्हणून खरं ते तोंडी, आणि वहीत गोड. तुम्ही वेगळा साधा कागद पुढे केलात आणि "मॅडम, हा माझ्याकडेच राहील" म्हणालात, तर माझी लेखणी मोकळी चालते. माझ्या ओळखीच्या बहुतेक जणींचं हेच आहे.

स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारू नका. वर्गातून बाहेर पडून जिन्यापर्यंत जाताना विचारा.

आणि एक, जरा स्पष्टच लिहिते. मी एखादी गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि समोरून लगेच "हो मॅडम, पण ना आज वेळच कमी होता" असं आलं, की मी पुढचं सांगत नाही. राग येतो म्हणून नव्हे. मला वाटतं, दमली आहे बिचारी, जाऊ दे. कारण खरं असलं तरी ते नंतर सांगा. आधी माझं पूर्ण ऐका, लिहून घ्या, आणि एक प्रश्न विचारा: "तुम्ही असत्या तर तिथे काय केलं असतं?" या प्रश्नावर मी दहा मिनिटं बोलते, कितीही काम असो.

सराव_पाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे बाकांचा कागद दिला आणि जिन्यात विचारलं. बाई खरंच थांबल्या! मागच्या तीन बाकांवर एकही रेघ नव्हती, आणि बाईंनी न मागता एका बाकापाशी लिहून दिलं होतं: "याला येत होतं, हात अर्धाच वर केला." असा शेरा मला आजवर मिळाला नव्हता.

पण उलटसुलट सांगण्याचा प्रश्न उरला आहे. मागच्या आठवड्यात मी गटात काम दिलं होतं. बाई म्हणाल्या, मुलं छान बोलत होती. सरांनी लिहिलं, "वर्ग नियंत्रण आवश्यक, गोंगाट." दोघे एकाच तासाला हजर होते.

कामठीचा_मी

मागच्या वर्षी मीही याच्यातून गेलो आहे. माझा वाद भाषेवरून होता. आमच्या वर्गात निम्म्या पोट्ट्यांच्या घरी हिंदी, उरलेल्यांच्या घरी वऱ्हाडी. एक पोट्टा मला म्हणे, "सर, खालचे-खालचे मिळवाचे न?" मी म्हटलं, "नाही मिळवाचे. काहून नाही, थे पाहू." वर्ग खुलला. निरीक्षकांचा शेरा आला: "प्रमाण भाषेचा वापर करावा." शाळेतले सर मात्र म्हणाले, आज पहिल्यांदा मागची पोट्टी बोलली.

मी दोन्ही धरलं. मुलांचं म्हणणं त्यांच्या बोलीत येऊ द्यायचं, उत्तरही तिथूनच सुरू करायचं, पण फळ्यावर जाताना तेच वाक्य पुस्तकाच्या भाषेत लिहायचं आणि एकदा मुलांकडून म्हणवून घ्यायचं. "छेद वेगळे असतील तर आधी ते समान करावे लागतात." निरीक्षकांना हवं ते फळ्यावर दिसलं आणि मुलांचं बोलणंही तुटलं नाही. दोन शेरे भांडत असले तरी पुष्कळदा ते तासाच्या दोन वेगळ्या जागांबद्दल असतात.

निवृत्त_प्राध्यापिका

कामठीकरांनी फार चांगलं लिहिलं. गोंगाटाबद्दल माझं मत: सरांना सोडून देऊ नकोस आणि आंधळेपणाने पाळूही नकोस. दारातून वर्ग पाहणाऱ्याला आवाज ऐकू येतो, आवाजात काय आहे ते ऐकू येत नाही. पुढच्या वेळी सर आले की त्यांना खुर्ची दाराजवळ न देता एका गटाशेजारी दे आणि विनंती कर, "सर, या चौघांचं बोलणं पाच मिनिटं जसंच्या तसं लिहून घ्याल का?" कागदावर अपूर्णांक आले तर त्यांचं मत त्यांच्याच अक्षरात बदलेल. क्रिकेट आलं तर त्यांचा शेरा बरोबर होता, आणि तुलाही ते कळायला हवंच.

झेडपी_गुरुजी

इतक्या वेळात मुलांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून परत आलो. निरीक्षक मोठ्ठा असो की लहान, तो तुमच्याकडे बघतो. मुलाला काय कळलं ते मुलाच्याच कागदावर असतं.

"समजलं का रे?" हे विचारूच नका. चाळीस पोट्टी एका सुरात "हो मॅडम" म्हणतात, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज न समजलेल्याचा असतो. "आज काय समजलं नाही ते लिहा" असंही नको, "सर्व समजले" एवढंच लिहून येतं. घंटेच्या पाच मिनिटं आधी चिठ्ठीवर एकच उदाहरण द्या: १/२ + १/३ किती? नाव टाकायची सक्ती नको. जेवणाच्या सुट्टीत चिठ्ठ्यांचे ढीग करा.

एका ढिगात ५/६ असेल. एका ढिगात २/५ असेल, म्हणजे वरचे-वरचे, खालचे-खालचे मिळवले. आणि एक लहान ढीग २/६ चा असेल. त्या मुलांनी छेद समान केले, पण गुणाकार फक्त खाली केला, अंश तसाच ठेवला. शेवटचे दोन ढीग "चूक" म्हणून एकत्र ठेवू नका. २/५ वाल्याला अपूर्णांक म्हणजे दोन सुटे आकडे वाटतात. त्याला विचारा, "अर्ध्या पोळीत आणखी थोडी पोळी घातली, तर ती अर्ध्याहून कमी कशी झाली?" २/५ हे अर्ध्याहून कमी आहे हे दिसलं की तो स्वतःच उत्तर खोडतो. २/६ वाल्याला रीत अर्धी आली आहे. त्याला पट्टीचं चित्र काढायला लावा, अर्ध्या पट्टीचे सहातले तीन तुकडे होतात ते हाताने मोजू द्या.

दुसऱ्या दिवशीच्या पाठाची सुरुवात या ढिगांवरून करा. पूर्वज्ञानाचे प्रश्न टाचणात पुस्तकातून उतरवण्यापेक्षा हे कितीतरी खरं. फक्त तान्हा पोळ्याच्या आसपास करू नका, वर्ग अर्धा रिकामा असतो आणि ढीग फसवतात.

विज्ञानवाली

गुरुजी, हा प्रतिसाद मी छापून ठेवते आहे. मुलांकडून "मॅडम आवडतात का, आवाज ऐकू येतो का" असे फॉर्म भरून घेणाऱ्या मैत्रिणी माझ्याही आहेत. ते वाचायला छान वाटतं, पण उद्याच्या पाठात त्याने काही हलत नाही.

कामठीचा_मी

अजून एक छोटी गोष्ट, मला फार उपयोगी पडलेली. पाठ टाचणाच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ लिहायचो: "मागच्या पाठावरून आज बदल: प्रश्न विचारून थांबणार, नाव नंतर घेणार." आणि ते टाचण सरांना आधी दाखवायचो. आपण सांगितलेलं पोराने खरंच केलं हे एकदा दिसलं, की पुढच्या वेळी सर आपणहून बोलावून सांगायचे. ओळ एकच ठेवा. मी आधी चार-चार बदल लिहिणारे सहकारी पाहिले आहेत, तासात त्यांना एकही आठवत नसे.

सराव_पाठ

गुरुवारी सर येणार आहेत. बाईंसाठी आणि सरांसाठी कागद तयार केला आहे, तपासून द्याल का?

बाईंसाठी: "मुलांना छेद समान करणं समजतं आहे का ते पाहावं."
सरांसाठी: "दुसऱ्या गटाशेजारी बसून पाच मिनिटं मुलांचं बोलणं लिहावं."

वर्गशिक्षिका_८ब

सरांचा उत्तम. बाईंचा बदला. "समजतं का" असं असेल तर मी मागून "हो, बहुतेकांना समजलं" असं लिहून देईन.

झेडपी_गुरुजी

बरोबर. बाईंसाठी असं करा: "मुलं वहीत सोडवत असताना रांगांमधून एक फेरी मारून, कोण फक्त छेदाला गुणतं आणि अंश तसाच ठेवतं, त्यांच्या बाकावर खूण करावी." ही फेरी तीन मिनिटांत होते. आणि तासिका जेवणाच्या सुट्टीच्या लगेच आधीची मागून घ्या, म्हणजे दोघांशीही तिथल्या तिथे बोलता येईल आणि दुपारी 'ब' तुकडी आहेच.